परक्या दरबारांतील वकील

आषाढी एकादशीस पांच-सहा दिवस उरले असतां ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुत्याहून निघते, वाटेंत सदाशिवनगरापाशीं रिंगण होतें, आणि दिवस कलतांना ती माळशिरसास मुक्कामाला येते. त्याच सुमारास तालुक्याच्या दुसऱ्या अंगास, नीरा ओलांडून, तुकोबारायांची पालखी अकलुजास आलेली असते. ज्यांचें बालपण या टापूंत गेलें त्यांस त्या दिवसांतली धूळ, टाळांचा तो एकसारखा नाद आणि गांवाबाहेर पेटलेल्या चुलींचा धूर यांचा विसर पडणें शक्य नाहीं. पूर्वीं पोटापाण्यासाठीं पुण्या-मुंबईस गेलेला माळशिरसचा माणूस या दिवसांत घरच्या पत्राची वाट पाहत असे, आणि पालखी सुखरूप पुढें गेल्याची एक ओळ त्या पत्रांत असली म्हणजे त्याचें समाधान होत असे. २०११ सालीं कांहीं तरुणांनीं 'फेसबुक दिंडी' या नांवानें वारीची रोजची वार्ता आणि छायाचित्रें सामाजिक जाळ्यावरून देण्याचा उपक्रम आरंभिला. तेव्हांपासून ती एक ओळ परदेशांतल्या माणसासही त्याच दिवशीं, चित्रासह, मिळूं लागली.

या गोष्टीचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे, आणि तें योग्यच आहे. मला मात्र अशा कौतुकाच्या मागें राहणारी, सहसा कोणाच्या नजरेस न पडणारी, एक लहानशी वस्तु वाचकांपुढें मांडावयाची आहे. एखाद्या शाळेचें, ग्रंथालयाचें, साखर कारखान्याचें किंवा देवस्थानाचें स्वतःचें संकेतस्थळ असतें. दुसरीकडे कोट्यवधि माणसांचा राबता असलेलें सामाजिक जाळें असतें. आपल्या संकेतस्थळावर आलेल्या माणसास त्या जाळ्यावरच्या ओळखीनिशीं आंत घ्यावें, आपला मजकूर तिकडे पाठवावा, तिकडचा इकडे आणावा, अशी इच्छा झाली कीं या दोहोंमध्यें एक सांधा घालावा लागतो. हा सांधा कसा घडला, कोणत्या अडचणींतून गेला, आणि त्यावर विसंबणाऱ्यांस काय शिकवून गेला, एवढाच या लेखाचा विषय आहे.

इतिहासाचा अध्यापक यंत्रविद्येच्या वाटेस कां गेला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, इतिहास म्हणजे केवळ लढायांचा वृत्तांत नव्हे. दोन घरांत, दोन दरबारांत, दोन पेढ्यांत व्यवहार कसा होत असे, कोणाची मोहोर कोण मानीत असे, आणि मोहोर बदलली म्हणजे कोणाचें नुकसान होत असे, हाही इतिहासच आहे. आमच्या डोळ्यांदेखत गेल्या तीस वर्षांत असे व्यवहार जन्मले, वाढले आणि कांहीं मोडलेही. त्यांचें दप्तर अजून ताजें आहे तोंच तें चाळून ठेवणें बरें.

प्रथम आपल्या बाजूचें घर पाहूं. १९९४ सालीं रॅस्मस लेर्डोर्फ नांवाच्या गृहस्थानें आपल्या संकेतस्थळावरील माहितीपत्र किती लोक पाहून जातात हें कळावें म्हणून कांहीं छोट्या आज्ञावली लिहिल्या, आणि ८ जून १९९५ रोजीं 'पर्सनल होम पेज टूल्स' या नांवानें त्या जगास फुकट दिल्या. याच बीजापासून पीएचपी ही भाषा वाढली. १९९८ सालीं झीव सुरास्की व अँडी गुटमन्स यांनीं नव्यानें घडविलेली तिची तिसरी आवृत्ति आली, आणि तेथून तिचा प्रसार झपाट्यानें झाला. ती शिकण्यास सोपी, फुकट मिळणारी आणि अगदीं स्वस्त भाड्याच्या सर्व्हरवर चालणारी होती. लहान संस्थांना याहून अधिक काय हवें? मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला, त्याच्या मागची मीडियाविकि प्रणाली पीएचपींतच लिहिलेली आहे. फार काय, ४ फेब्रुवारी २००४ रोजीं हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठीं जें फेसबुक उघडलें तेंही याच भाषेंत रचलेलें होतें. म्हणजे गांवचें घर आणि राजधानीचा वाडा एकाच भट्टीच्या विटांनीं बांधलेले होते.

परंतु सोपेपणाचा एक तोटाही असतो. ज्यानें त्यानें आपापल्या मनास येईल तशी आज्ञावली लिहावी, मजकूर, हिशेब आणि पृष्ठाची सजावट यांची एकत्र खिचडी करावी, आणि लिहिणारा निघून गेल्यावर दुसऱ्यास त्यांतलें कांहीं उमगूं नये, असा प्रकार सर्वत्र होऊं लागला. त्यावर उपाय म्हणून 'फ्रेमवर्क' निघालीं. त्यांस आपण चौकट म्हणूं. २००५ सालीं केकपीएचपी व सिम्फनी, २००६ सालीं कोडइग्नायटर, २००७ सालीं झेंड चौकटीची पहिली पूर्ण आवृत्ति आणि २०११ सालीं लॅराव्हेल, असा हा क्रम आहे. चौकट म्हणजे काय हें आमच्या भागांतल्या वाचकांस समजाविण्यास पालखीसोहळ्याहून चांगलें उदाहरण नाहीं. हैबतबाबा आरफळकरांनीं लावून दिलेल्या शिस्तीप्रमाणें प्रत्येक दिंडीस नंबर असतो, कोणती रथापुढें व कोणती रथामागें हें ठरलेलें असतें. दिंडींत अभंग कोणता म्हणावा हें दिंडी ठरविते. पण कोठें थांबावें, केव्हां निघावें, चोपदारानें चोप उंचावला म्हणजे गप्प कसें व्हावें, हें सोहळा ठरवितो. चौकटींत काम करणारी आज्ञावली ही अशीच एक दिंडी होय. बाहेरची नवी दिंडी आली तर तिला आपला नंबर घेऊनच चालावें लागतें. वाटेल तेथें घुसून चालत नाहीं.

आतां परका दरबार. फेसबुकनें २००६ च्या ऑगस्टांत बाहेरच्या आज्ञावलींसाठीं आपलें दार प्रथम किलकिलें केलें. २४ मे २००७ रोजीं तें सताड उघडलें. २००८ च्या अखेरीस 'फेसबुक कनेक्ट' या नांवानें दुसऱ्या संकेतस्थळांवर आपली ओळख चालविण्याची सोय दिली. आणि एप्रिल २०१० मध्यें 'ग्राफ एपीआय' ही नवी पद्धति सुरू केली. २००६ सालींच निघालेल्या ट्विटरनेंही त्याच वर्षीं असें दार ठेवलें होतें. या दारास 'एपीआय' म्हणतात. एका आज्ञावलीनें दुसरीशीं कोणत्या शब्दांत बोलावें, काय मागावें, आणि उत्तर कोणत्या स्वरूपांत मिळेल, याचा तो लेखी करार असतो. त्या कराराच्या भाषेंत आपल्या वतीनें बोलणारी जी आज्ञावली आपण आपल्या घरीं ठेवतों, तिला तंत्रज्ञ 'क्लायंट' म्हणतात. मी तिला वकील म्हणेन. येथें वकील हा शब्द कोर्टकचेरींतला नव्हे, पेशवाईंतला घ्यावयाचा.

पेशव्यांच्या वतीनें हिंगणे घराण्यांतील पुरुष दिल्लीस वकील म्हणून राहत असत, व त्यांचा पत्रव्यवहार आज छापून उपलब्ध आहे. अशा वकिलाचीं कामें दोन. परक्या दरबारांत तेथल्या रिवाजानें, तेथल्या भाषेंत, तेथल्या पायरीनें बोलावयाचें. आणि घरीं मात्र घरच्या दप्तरास समजेल अशा भाषेंत लिहून कळवावयाचें. वकील चांगला असला तर दिल्लीचा रिवाज बदलला तरी पुण्याच्या दप्तरांतल्या कारकुनास आपली वही बदलावी लागत नाहीं. घरच्या दप्तराची भाषा घरची राहावी, ही दृष्टि आपल्याकडे फार जुनी आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंतांनीं जो राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, त्यांत फार्सी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यामागें हीच दृष्टि होती. संकेतस्थळाच्या बाबतींत हें तत्त्व जेथें पाळलें गेलें तेथें सांधा टिकला. जेथें वकिलाची दरबारी भाषा घराच्या माजघरापर्यंत शिरली तेथें दरबार हलतांच घरही हललें.

या व्यवहारांतला पहिला मोठा प्रश्न विश्वासाचा होता. ट्विटरच्या आरंभींच्या दिवसांत एखाद्या बाहेरच्या संकेतस्थळास तुमच्या वतीनें कांहीं लिहावयाचें असेल, तर तें तुमचा पासवर्डच मागून घेई. शेजाऱ्यानें आमच्या परसांतलीं फुलें तोडावीं म्हणून त्याच्या हातीं तिजोरीसकट सगळ्या घराची किल्ली द्यावी, त्यांतला हा प्रकार. यावर तोडगा म्हणून कांहीं मंडळींनीं एकत्र येऊन डिसेंबर २००७ मध्यें 'ओऑथ' नांवाच्या पद्धतीची पहिली आवृत्ति सिद्ध केली. १६ महिने होतात न होतात तोंच, एप्रिल २००९ मध्यें, तींत एक छिद्र सांपडलें, आणि जूनमध्यें सुधारलेली आवृत्ति काढावी लागली. पुढें ऑक्टोबर २०१२ मध्यें दुसरी, पुष्कळ निराळी आवृत्ति प्रमाण ठरली. आज बहुतेक जाळीं तिच्याच आधारें चालतात.

ही पद्धति जुन्या दस्तकासारखी आहे. माणूस आपल्या संकेतस्थळावर येतो. आपण त्याला जाळ्याच्या दाराशीं पाठवितों. तेथें तो स्वतःचा पासवर्ड जाळ्यासच सांगतो, आपल्याला नव्हे. जाळें त्याला विचारतें कीं, अमुक संकेतस्थळास तुझें नांव व पत्ता पाहूं द्यावा काय? त्यानें हो म्हटलें म्हणजे जाळें त्याला एक खुणेचा शब्द देऊन आपल्याकडे परत पाठवितें. आपला वकील तो खुणेचा शब्द आणि नोंदणीच्या वेळीं जाळ्यानें आपल्याला दिलेलें गुपित, हीं दोन्ही दाखवून दस्तक मिळवितो. त्यास 'टोकन' म्हणतात. या दस्तकावर हद्द लिहिलेली असते, मुदत असते, आणि धनी वाटेल तेव्हां तें रद्द करूं शकतो. किल्लीच्या ऐवजीं दस्तक, एवढा हा फरक; पण तो फार मोठा आहे.

आतां या वकिलास चौकटींत बसविण्याची अडचण. वाचकांस वाटेल कीं, दोन्हीकडची भाषा एकच, मग अडचण कसली? परंतु अडचणी शिस्तींतूनच निघाल्या. कोडइग्नायटरच्या आरंभींच्या आवृत्त्या पत्त्याच्या शेवटीं प्रश्नचिन्हापुढें जोडून आलेला मजकूर सुरक्षिततेसाठीं पुसून टाकीत. आणि जाळ्याकडून परत येणारा खुणेचा शब्द नेमका तेथेंच लिहिलेला असे. देवडीवरच्या पहारेकऱ्यानें आपल्याच वकिलाच्या हातांतला लखोटा संशयानें फाडून टाकावा, तसें होई. चूक पहारेकऱ्याचीही नव्हती आणि वकिलाचीही नव्हती. दोघांची गांठ घालून देणारा कोणी नव्हता.

दुसरी अडचण दोन वह्यांची. माणसास जाळ्याच्या दाराशीं पाठवितांना वकील एक यादृच्छिक खूण आपल्या वहींत टिपून ठेवतो, आणि माणूस परत आला म्हणजे तीच खूण त्याच्यापाशीं आहे कीं नाहीं हें ताडून पाहतो. मध्यें कोणी तोतया शिरूं नये यासाठीं ही काळजी. फेसबुकनें दिलेला वकील ही खूण भाषेच्या मूळच्या वहींत, म्हणजे पीएचपीच्या स्वतःच्या सेशनमध्यें, लिहीत असे. लॅराव्हेलसारख्या चौकटीची मात्र आपली निराळी वही. खूण एका वहींत लिहावी आणि पुढें ती वही उघडीच राहूं नये, मग खऱ्या माणसालाही तोतया ठरवून परत पाठवावें, अशी स्थिति कित्येक ठिकाणीं झाली. या एका दोषापायीं किती तरुणांनीं किती रात्री जागविल्या असतील! पुढच्या आवृत्त्यांत वकिलानें कोणत्या वहींत लिहावें हें घरच्या धन्यास सांगतां येईल, अशी सोय झाली तेव्हां हा घोळ मिटला.

तिसरी अडचण नांवांची. २००९ सालीं पीएचपीची ५.३ ही आवृत्ति येईपर्यंत भाषेंत आडनांवांची सोयच नव्हती. एका घरांत एकाच नांवाच्या दोन वस्तु आल्या कीं भांडण ठरलेलें. सोय झाल्यावरही फेसबुकच्या वकिलानें ती २०१४ सालच्या चौथ्या आवृत्तींत अंगिकारली. तोंवर २०१२ सालीं 'कंपोझर' हें साधन आलें होतें. कोणत्या घरास कोणता वकील, कोणत्या आवृत्तीचा, आणि त्याच्याबरोबर आणखी कोणकोण लागतात, याची यादी तें एका फाईलींत ठेवतें आणि तीं सर्व आपणहून आणून देतें. आणि २०१५ च्या फेब्रुवारींत लॅराव्हेलची पांचवी आवृत्ति निघाली, तेव्हां तिच्या जोडीस 'सोशलाइट' हें साधन मिळालें. त्याचा विशेष असा कीं, जाळें कोणतेंही असो, घरच्या दप्तरास तें एकाच भाषेंत उत्तर देतें: या माणसाचें नांव हें, पत्ता हा, ओळखक्रमांक हा. दिल्लीचा वकील असो कीं हैदराबादचा, पत्राचा मसुदा एक. दहा वर्षांच्या ठेचांनंतर जुन्या दप्तराचें शहाणपण नव्या दप्तरांत उतरलें, असेंच म्हणावयाचें.

परंतु वकील कितीही शहाणा झाला तरी दार त्याच्या मालकीचें होत नाहीं. पुढील इतिहास या एका वाक्यांत सांगतां येईल, तरी तारखा द्याव्या हें बरें. ३१ ऑगस्ट २०१० रोजीं ट्विटरनें पासवर्ड घेऊन बोलण्याची जुनी रीत बंद केली. ज्यांनीं ओऑथ स्वीकारलें नव्हतें त्यांचे वकील त्या दिवशीं मुके झाले. ११ जून २०१३ रोजीं त्याच ट्विटरनें आपल्या एपीआयची पहिली आवृत्ति मोडीत काढली. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं ऑर्कुट, ज्यावर आपल्याकडील एका पिढीनें आपली पहिली सार्वजनिक ओळख लिहिली, तें कायमचें बंद झालें. ३० एप्रिल २०१५ रोजीं फेसबुकच्या ग्राफ एपीआयची पहिली आवृत्ति मिटली. ऑगस्ट २०१८ पासून बाहेरच्या आज्ञावलींना माणसाच्या वैयक्तिक फेसबुक-पृष्ठावर त्याच्या वतीनें लिहिण्यास मनाई झाली. फेब्रुवारी २०२३ मध्यें ट्विटरनें आपलें फुकट दार बंद करण्याचें जाहीर केलें, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें तर त्याचें नांवही पालटून 'एक्स' झालें. मध्यंतरीं फेसबुकनें पीएचपीसाठींचा आपला अधिकृत वकील सांभाळणेंही सोडून दिलें. ज्या विटांनीं वाडा उभा राहिला त्याच विटांच्या घरांशीं बोलण्यास वाड्याकडून माणूस मिळेनासा झाला.

यांतले पुष्कळसे बदल अकारण नव्हते, कित्येक तर आवश्यक होते, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण आवश्यक बदलाचा घावही लहान घरास तितकाच लागतो. त्याचा एक अनुभव मी येथें नमूद करून ठेवतों.

माळशिरस तालुक्यांतल्या ज्या महाविद्यालयांत मी शिकवितों, तेथें कांहीं वर्षांपूर्वीं माजी विद्यार्थ्यांसाठीं एक स्मरणवही संकेतस्थळावर उघडण्यांत आली होती. ती बांधणारा आमचाच एक माजी विद्यार्थी. ऊसतोडीच्या हंगामांत बापाबरोबर फडांत राबून शिकलेला. प्रत्येकानें एका सामाजिक जाळ्यावरच्या आपल्या ओळखीनें आंत यावें, आणि महाविद्यालयाविषयींची एखादी आठवण लिहावी, अशी ती योजना. नवा पासवर्ड लक्षांत ठेवण्याची कोणास कटकट नको, म्हणून आम्हींच त्याला सांगितलें कीं, दुसरें दार ठेवूं नकोस. लोकांनीं भरभरून लिहिलें. आमच्या जुन्या कचेरींत तीस वर्षें कारकुनी करून वारलेल्या एका गृहस्थांच्या मुलीनें आपल्या वडिलांविषयीं जें लिहिलें, तें वाचून मी त्या दिवशीं तास घेऊं शकलों नाहीं. फी भरण्यास पैसे नसलेल्या मुलांची नांवें ते एका वेगळ्या वहींत लिहीत आणि महिनाअखेर स्वतःच्या पगारांतून त्यांतलीं एक-दोन नांवें खोडीत, हें आम्हां प्राध्यापकांस तिच्याकडून प्रथम कळलें.

पुढें जाळ्याच्या कराराची आवृत्ति बदलली. सूचना मुदतींत आलेली होती. ती ज्या पत्त्यावर आली तो कोणी उघडून पाहत नव्हतें. एके सकाळीं स्मरणवहीचें दार उघडेना. दार दुरुस्त करतां आलें असतें; पण घाईंत केलेल्या दुरुस्तींत जुन्या ओळखक्रमांकांचा नव्यांशीं मेळ बसेना, आणि कोणती आठवण कोणाची हें सांगणारा दुसरा कोणताही पुरावा आमच्या वहींत नव्हता. नांवें, गांव, टपालाचा पत्ता, कांहीं कांहीं आम्हीं लिहून घेतलें नव्हतें. तें सगळें जाळ्यास ठाऊक आहे, हव्या त्या वेळीं वकील विचारून आणील, अशा भरंवशावर आम्ही होतों. मजकूर राहिला, माणसें हरवलीं. त्या कारकुनाच्या मुलीचा लेख आजही आमच्यापाशीं आहे. त्यावर तिचें नांव नाहीं. वडिलांची ती वही पाहावयास मिळेल काय, असें विचारण्यास मी पुष्कळ ठिकाणीं चौकशी केली. पत्ता लागला नाहीं.

मी त्या विद्यार्थ्यास रागें भरण्याच्या बेतानें बोलावलें. तो शांतपणें म्हणाला, "सर, दार त्यांचं होतं, ते त्यांनी बदललं. वही तरी आपली ठेवायला पाहिजे होती." मी गप्प झालों, कारण दुसरें दार नको असें सांगणारा मीच होतों. इतिहासाच्या अध्यापकानें, अस्सल कागद आपल्या दप्तरांत असावा हें आयुष्यभर शिकवून, घरच्या वहींत फक्त परक्याचा अनुक्रमांक लिहून ठेवावा, याहून अधिक लाजिरवाणें काय असणार?

येथवर दार बंद होण्याचा धोका सांगितला. दार नको तितकें उघडें राहण्याचा धोका त्याहून मोठा आहे. ग्राफ एपीआयच्या पहिल्या आवृत्तींत एका माणसानें परवानगी दिली म्हणजे त्याच्या मित्रांचीही कित्येक माहिती वकिलास मिळत असे. मित्रांना कोणी विचारीत नसे. मार्च २०१८ मध्यें केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आलें तें या वाटेनें गेलेल्या माहितीचें. फेसबुकनें त्या एप्रिलमध्यें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें जगांतील सुमारें ८ कोटि ७० लक्ष लोकांची माहिती त्यांत गेली असण्याचा संभव होता. भारतांत ती प्रश्नावली उघडणारीं माणसें होतीं अवघीं ३३५. पण त्यांच्या मैत्रीच्या धाग्यानें ज्यांच्यापर्यंत हात पोंचला असेल अशांची संख्या ५,६२,१२० होती. ३३५ जणांच्या होकारानें साडेपांच लक्षांचें दार उघडावें, यांत दस्तकाचा दोष नव्हता. दस्तकावर हद्द काय लिहावी हें ठरविणाऱ्यांचा आणि हद्दीबाहेरचें मागणाऱ्यांचा होता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें केला. पण कायदा देवडीवर उभा राहतो. माजघरांत काय मागून आणावें व काय न आणावें हा विवेक घरच्या माणसांसच करावा लागतो.

तेव्हां या लहानशा सांध्याच्या वीस वर्षांच्या इतिहासावरून ज्या गोष्टी ठरतात, त्या थोडक्यांत अशा. वकील अवश्य ठेवावा. त्यावांचून आज लहान संस्थेचा आवाज दूर जात नाहीं. पण त्यास चौकटींत एकच खोली द्यावी, आणि घरांतल्या इतरांनीं त्याच्याशीं घरच्या भाषेंत बोलावें. म्हणजे उद्यां दरबार बदलला तर एका खोलीचेंच सामान हलवावें लागेल. जाळ्याच्या दाराशेजारीं आपलें स्वतःचें एक साधें दार नेहमीं उघडें असावें. माणसाची ओळख, त्याच्या संमतीनें व गरजेपुरतीच, आपल्या वहींत आपल्या हातानें लिहून ठेवावी. दस्तकावर लागेल तेवढीच हद्द मागावी; आज फुकट मिळतें म्हणून उद्यांसाठीं गोळा करूं नये. आणि करार बदलल्याचें पत्र ज्या पत्त्यावर येतें, तो पत्ता कोणीतरी रोज उघडावा. आमच्या त्या विद्यार्थ्यानें पुढें स्मरणवही पुन्हां बांधली ती याच रीतीनें. तींत आतां दोन दारें आहेत, आणि लिहिणाराचें नांव व गांव आमच्या वहींत आहे.

पालखी माळशिरसास उतरली म्हणजे संध्याकाळीं समाजआरती होते. चोपदार चोप उंचावतो, हजारों माणसें क्षणांत निःशब्द होतात, आणि दिवसभरांत कोणाचें काय हरवलें, कोणास काय सांपडलें, हें सर्वांसमक्ष पुकारलें जातें. कोणाची पिशवी, कोणाचें भांडें. सांपडलेली वस्तु ज्याची त्यास मिळते. या सोहळ्यास कोणाचा दरबार उघडावा लागत नाहीं, कारण जो पुकारतो, ज्याचें हरवलें आणि ज्यास सांपडलें, तीं सर्व एकाच वाटेनें चाललेलीं असतात. गेल्या आषाढांत मी तेथें उभा असतांना माझ्या खिशांत त्या अनामिक लेखाची एक प्रत होती. ती पुकारण्याजोगी वस्तु नव्हे, हें मला कळत होतें. म्हणून ती तशीच घेऊन घरीं आलों. तिच्या माथ्यावर नांवासाठीं जागा सोडलेली आहे.